सहा चमचे आणि एक चाकू

कूलरचं भांडण मिटून आठवडा उलटतो न उलटतो, तोच निमगड्यांच्या घरात चमच्यांचं निघालं. कूलरच्या वेळी निदान चंद्रपूरचा उन्हाळा तरी साक्षीला होता, माणूस तापतो, चार शब्द जास्त बोलतो. चमच्यांना तेवढंही निमित्त नव्हतं. निमित्त म्हणाल तर संघप्रियाचा एक फोन.

धानोऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणून रुजू झालेली पोरगी क्वार्टर मिळाल्यावर घराकडून काय मागेल, यावर घरात आधीच अंदाज बांधून झाले होते. तिचे वडील खुशालभाऊ म्हणत होते इन्व्हर्टर मागेल. आजी मनकर्णाबाईंनी लोणच्याची बरणी पुसून ठेवली होती. तिने मागितले चमचे, आणि मागितले ते काकूकडे.

"काकू, हॉस्टेलमधी इतके वर्ष वाकड्या चमच्यानं जेवली मी. भातात रोवला का दांडी वाकते. आता मले असे चमचे-काटे-चाकू पायजेत, जे मी म्हातारी होईपर्यंत टिकतीन. तूच पसंत कर. बाबाले सांगू नको, ते चुंबक घेऊन येतीन."

फोन स्पीकरवर होता आणि बाबा समोरच पेपर वाचत बसले होते. नूतनने घाईने आवाज कमी केला, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. खुशालभाऊंनी पेपरची घडी घातली, उठले आणि कपाटातून चुंबक काढून खिशात टाकलं.

तरीही 'तूच पसंत कर' हे तीन शब्द नूतनने दिवसभर तोंडात खडीसाखरेसारखे घोळवले. संघप्रिया दुसरीत असताना तिची आई, दुर्गा, काविळीने गेली. तेव्हापासून पोरीच्या वेण्या, डबे, ताप, पाढे, सगळं धाकट्या जावेने म्हणजे नूतनने केलं. त्याबद्दल तिला कोणी कधी वाईट बोललं नाही. उलट पाहुण्यांसमोर मनकर्णाबाई आवर्जून सांगायच्या, "आमच्या नूतननं पोटच्या पोरीसारखं पाहिलं जी." नूतन हसून चहाचे कप उचलायची आणि आत जाऊन त्या 'सारखं'चा राग भांड्यांवर काढायची.

आणि भांडी तरी कोणाची? त्या स्वयंपाकघरात बिननावाचं भांडं नव्हतं. गंजावर, परातीवर, पाण्याच्या पिंपावर सासऱ्यांचं नाव: नानाजी निमगडे. दुर्गाच्या लग्नातल्या ताटांवर खुशाल. नूतनच्या स्वतःच्या रुखवतातल्या डब्यांवर तिच्या बापाने हौसेने घालून दिलेलं 'चि. प्रफुल नानाजी निमगडे यांस सप्रेम भेट'. म्हणजे डबे माहेरचे, पीठ मळणारे हात तिचे आणि नाव नवऱ्याचं. लग्नानंतर इतक्या वर्षांनी तिला एकच गोष्ट हवी होती. संघप्रियाच्या घरात जाणाऱ्या त्या चमच्यांवर कुठेतरी, अगदी मागच्या बाजूला का होईना, 'नूतन' असं कोरलेलं असावं. पोरीने एकटीने जेवताना ते वाचावं.

हे तिने फक्त नवऱ्याला सांगितलं.

"अरे, बोलतो ना मी दादाले," प्रफुल म्हणाला. "त्यात काय हाय येवढं?"

प्रफुल बोलतो म्हणाला की ते काम होत नाही, हे नूतनला ठाऊक होतं. तरी तिने विश्वास ठेवला, कारण ठेवायला दुसरं काही जवळ नव्हतं.

*

गोल बाजारातल्या दिनेशभाऊच्या दुकानात निमगडे कुटुंब शिरलं ते एखाद्या चौकशी समितीसारखं. दिनेशभाऊने तीन प्रकारचे सेट काढून काचेवर मांडले. मागे नाव घालायच्या मशीनवर एक पाटी होती: 'नाव टाकलेला माल परत घेतला जाणार नाही.'

प्रत्येकाची पारखायची रीत निराळी. मनकर्णाबाईंनी एक चमचा काचेवर ठण् करून आपटला आणि कान लावला.

"बद्द वाजते."

"आई, काशाची वाटी नोहे ते," प्रफुल म्हणाला. तो स्वतः मोबाइलवर कोणा अनोळखी माणसांनी त्याच चमच्याला किती तारे दिलेत ते पाहत होता. "चार तारे हायेत. एका जणानं लिवलं, डबा फुटका आला म्हून."

नूतन मात्र पंधरा दिवस अभ्यास करून आली होती. तिने चमचा हातात तोलला. दांडी जिथे खोलगट भागाला मिळते तिथे अंगठ्याने दाबून पाहिलं, कारण चमचा वाकतो तो नेहमी मानेत. कडेवरून बोट फिरवलं. ओठाला लागेल अशी धार राहिलेली नव्हती. मग काट्याच्या दातांमधून तिने हलकेच पदर ओढला. पहिल्या सेटच्या काट्यात धागा अडकला, दुसऱ्याच्याही. तिसऱ्यातून पदर पाण्यासारखा निघून आला.

"हा," ती म्हणाली.

"हाच," मनकर्णाबाई लगेच म्हणाल्या. सुनेची परीक्षा त्यांना पटली होती आणि थोरल्या लेकाच्या खिशाकडे जाणारा हातही दिसला होता. "नूतन म्हणते तर हाच घ्या. चुंबक-फुंबक नको लावू रे खुशाल."

पण खुशालभाऊंचं चुंबक बाहेर आलं होतं. वीज केंद्रात कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर त्यांची सगळी नोकरी झाली. पट्ट्यावर टांगलेलं भलंमोठं चुंबक कोळशातले लोखंडाचे तुकडे उचलून घ्यायचं. एखादा सुटला तर पुढे मशीनचे दात जायचे. निवृत्तीच्या दिवशी सोबत्यांनी शालीबरोबर त्यांना हे लहानसं चुंबक दिलं. दिलं गमतीने, पण खुशालभाऊंनी घेतलं मनावर. तेव्हापासून घरात आलेला तवा, खुर्ची, एकदा तर पाहुण्यांनी आणलेला पेढ्यांचा डबासुद्धा चुंबकातून गेला होता.

"चांगलं स्टील चिकटत नाई," ते म्हणाले. "माणूस खोटं बोलन, चुंबक नाई बोलत."

चमच्यांना लावलं. चिकटलं नाही. काट्यांना लावलं. चिकटलं नाही. खुशालभाऊंनी नूतनकडे पाहून मान हलवली. जेठाकडून एवढं म्हणजे पुष्कळच होतं. मग त्यांनी चाकूला लावलं आणि टक् आवाज झाला.

"पाहा! नकली!"

"भाऊ, चाकूचं स्टील अलगच रायते," दिनेशभाऊ म्हणाला. "धार धरायले..."

"मले शिकवून राह्यला तू? माह्यी सारी जिंदगी चुंबकाखाली गेली."

दिनेशभाऊने एकदा चाकूकडे आणि एकदा विकल्या जाणाऱ्या बाकीच्या मालाकडे पाहिलं. "मंग चाकू राहू द्या," तो शहाण्यासारखा म्हणाला.

नूतनला माहीत होतं. धार टिकायला पोलाद कडक लागतं आणि कडक पोलाद चुंबकाला चिकटतं, एवढं तिने वाचून ठेवलं होतं. "भाऊजी, चाकूचं तसं नसते," तिने सुरुवातही केली. पण मनकर्णाबाईंनी तिचा हात दाबला. चमचे तिच्या मनासारखे झाले, आता चाकूवर ताणू नये, असा त्या दाबण्याचा अर्थ होता. नूतनलाही ते पटलं. भांडायची ताकद तिला पुढच्या गोष्टीसाठी शिल्लक ठेवायची होती. तिने प्रफुलकडे पाहिलं.

प्रफुल खाकरला. "दादा, ते नावाचं म्हणत होतो मी..."

"बरं आठवण केली!" खुशालभाऊ म्हणाले. "नाव तर टाकाच लागते. दुर्गाचं टाकू."

मनकर्णाबाईंचे डोळे एकदम भरून आले. "टाक बापा. तिची पोरगी डॉक्टर झाली, तिनं पाहिलं नाई."

मेलेल्या माणसाशी चमच्यावरच्या जागेसाठी भांडणारी बाई जगात कुठे उभी राहील? चमच्यांच्या वेळी सासू तिच्या बाजूला होती, ती नावाच्या वेळी पलीकडे गेली आणि जाताना डोळे पुसत गेली.

"मी तेच म्हणत होतो," प्रफुल म्हणाला.

दिनेशभाऊने मशीन सुरू केलं. "सांगा."

"लिव," खुशालभाऊ सावरून उभे राहिले. "कालकथित दुर्गाबाई खुशाल निमगडे यांच्या स्मरणार्थ."

मशीन बंद झालं.

"भाऊ, चमचा हाय हा. परात नोहे. दांडीवर चार-पाच अक्षरं मावतेत, थे बी बारीक. तीन अक्षरी नाव असलं तर एकदम मस्त बसते. असं तीन अक्षरी काही सांगा ना."

नुसतं 'दुर्गा' खुशालभाऊंना अपुरं वाटलं, आणि सगळे विचारात पडले. वर पंखा फिरत होता. तीन अक्षरी नावाची बाई तिथेच कुकरच्या शिट्ट्यांच्या पुड्याकडे बघत उभी होती, आणि तिच्या नवऱ्याने, सासूने, जेठाने मिळून तीन अक्षरं कुठून आणावीत याचा मनापासून विचार केला.

"नुसतं कालकथित टाका," प्रफुलने सुचवलं.

"अन् कोण कालकथित, थे कसं समजन?"

शेवटी मार्ग खुशालभाऊंनाच सुचला. त्यांनी बोटं मोजली, पुन्हा मोजली, आणि त्यांचा चेहरा उजळला. "चमचे सहा. शब्द सहा. एकेका चमच्यावर एकेक शब्द टाक!"

"अन् काट्यायवर?"

"काटे कोरे राहू दे," मनकर्णाबाई म्हणाल्या. "तिचं नाव कोणाले टोचाले नको."

दुसऱ्या दिवशी कुकरचं रिंग आणायचं निमित्त करून नूतन एकटी दुकानात गेली आणि नाकारलेल्यांपैकी नाही, त्याहून जड, मुठीपासून टोकापर्यंत एकसंध पोलादाचा एक चाकू विकत घेतला.

"नाव?" दिनेशभाऊने सवयीने विचारलं.

आदल्या दिवशी चार माणसांत जे कोणी विचारलं नव्हतं, ते आज एका दुकानदाराने विचारलं. नूतनच्या अगदी ओठावर आलं. पण स्वतःच्या पदरचं घेऊन स्वतःचंच नाव घालून घ्यायचं, म्हणजे आपल्या हाताने आपल्याच गळ्यात हार घालायचा. ते तिच्याने होईना.

"नको," ती म्हणाली. "असाच द्या."

*

रविवारी भाड्याची गाडी करून मंडळी मूल, सावली, गडचिरोली ही गावं मागे टाकत धानोऱ्याला पोहोचली. संघप्रियाच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमागे मोहाचं एक थोराड झाड होतं आणि त्याखाली शेजारणीने सारवून स्वच्छ केलेली जागा. बुद्धमूर्तीसमोर मेणबत्ती लावून त्रिशरण झालं. मनकर्णाबाईंनी घर फिरून पाहिलं, पाण्याची टाकी पाहिली, खिडकीच्या कड्या ओढून पाहिल्या आणि नात सुरक्षित असल्याचा निर्वाळा दिला.

मग स्वयंपाकाला लागायचं झालं आणि कांदा चिरायला घरात काही नाही हे ध्यानात आलं. उत्तम पोलादाचे सहा चमचे होते. उत्तम पोलादाचे सहा काटे होते.

"काट्यानं होत नाई का?" प्रफुलने विचारलं.

नूतनने पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला चाकू काढला आणि कांदा चिरायला घेतला. चाकू कांद्यातून असा गेला की पाकळ्या जागच्या हलल्या नाहीत. संघप्रिया बघतच राहिली.

"काकू! कुठून आणला वं हा?"

खुशालभाऊ उठून आले. चाकू हातात घेतला, खिशात हात घातला. टक्.

"हाच थो नकली," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात रागापेक्षा दुःख होतं. "मी नको म्हटल्यावर घेतला?"

"घेतला," नूतन म्हणाली. एका शब्दाचंच उत्तर, पण या घरात तिने जेठाला दिलेलं ते पहिलंच. प्रफुलने खिडकीबाहेरच्या मोहाच्या झाडात रस घेतला.

"बाबा," संघप्रिया म्हणाली, "मेडिकलमधी ऑपरेशनचे चाकू-कैच्या साऱ्या चुंबकाले चिकटत होत्या. मंग काय, आम्ही नकली चाकूनं कापत होतो लोकायले? जे धार धरते थे चिकटते. चमच्याची परीक्षा चाकूले कशी लागू होईन?"

खुशालभाऊंनी चुंबक चाकूपासून ओढून काढलं. ते जरा जोर लावूनच निघालं. चुंबक खिशात टाकून ते बाहेर जाऊन बसले, जेवायची हाक येईपर्यंत.

जेवणं झाली आणि शेवटी खीर आली. प्रफुलने नवे चमचे न बघता भराभर वाट्यांत टाकून वाट्या पुढे सरकवल्या. मनकर्णाबाईंनी आपला चमचा उचलला, चष्मा लावला आणि एकेक अक्षर जुळवत वाचलं.

"का-ल-क-थि-त." त्यांनी चष्मा काढला. "हे मले कोणं देल्लं?"

"आई, चमचा हाय तो," खुशालभाऊ म्हणाले. "आपण शकून-अपशकून मानतो का?"

"मी बी नाई मानत. चमचा बदल." त्यांनी वाटी दूर लोटली. "साऱ्या आयुष्यात माह्या नावाचं एक भांडं झालं नाई. घरभर तुह्या बापाचं नाव. अन् पहिला चमचा भेटला थो असा?"

तो चमचा खुशालभाऊंकडे आला. त्यांना बीपी होता. त्यांनी तो धाकट्या भावाकडे दिला. प्रफुलला परतीच्या गाडीत ड्रायव्हरशेजारी बसायचं होतं, आणि शिवाय त्याच्याकडे 'यांच्या' आला होता, त्यात तो समाधानी होता. 'दुर्गाबाई' कोणाच्या वाटीत आला ते दिसताच सगळ्यांनी तो संघप्रियापुढे सरकवला होता. अंधश्रद्धा न मानणाऱ्या त्या घरात एक चमचा अंगावर पाल पडल्यासारखा हातोहात फिरला आणि फिरत फिरत, या घरातलं सगळं उरलंसुरलं जिथे येऊन थांबतं तिथे, नूतनच्या वाटीत येऊन थांबला.

नूतनने खीर खाल्ली. चमचा खरोखर उत्तम होता. हातात तोल बरोबर बसत होता, ओठाला कड लागत नव्हती. पसंत तिनेच केला होता. तिला दुर्गाची आठवण आली. काविळीने पिवळी पडलेली, उशाशी बसलेल्या पोरीचा हात नूतनच्या हातात देऊन 'ध्यान ठेव वं' म्हणणारी. तिच्यावर नूतनचा राग कधीच नव्हता. दुर्गा असती तर तिने दुकानात नक्की विचारलं असतं, असं तिला वाटलं.

मान वर केली तेव्हा खुशालभाऊ तिच्या हातातल्या चमच्याकडे पाहत होते. मग त्यांनी आपल्या हातातला पाहिला. त्यावर 'खुशाल' होतं. त्यांनी तो उपडा करून ताटात ठेवला आणि खीर वाटी तोंडाला लावून प्यायले.

निघताना त्यांनी ओट्यावरचा चाकू उचलून पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळला.

"बाबा, कुठी नेता?"

"दुकानात."

"बाबा!"

"जाऊ दे, संघू," नूतन म्हणाली. परतीच्या वाटेवर सावलीपर्यंत ती झोपेचं सोंग करून बसली. प्रफुलने दोनदा "दादाले बोलतो मी" म्हटलं, तेही तिने झोपेतच ऐकलं.

*

आठवडाभर चाकूचं नाव कोणी काढलं नाही. शनिवारी दुपारी नूतन भाजी निवडत होती. खुशालभाऊ बाहेरून आले, चपला काढल्या, आणि ओट्यावर ती वर्तमानपत्राची गुंडाळी ठेवली.

"परत घेत नाई म्हणे दिनेश."

"काऊन?" नूतनने मान वर न करता विचारलं.

"नाव टाकलेलं हाय."

"मी नाई टाकलं, भाऊजी. कोराच होता तो."

पाण्याचा गडू घेऊन, तोंड भिंतीकडे करून, खुशालभाऊ फार वेळ पाणी पीत राहिले.

नूतनने हात पुसले आणि कागद उलगडला. मुठीवर, अगदी मधोमध, तीन अक्षरं होती. नूतन. शेवटचा त जरा खाली घसरला होता.

"त वाकडा आला," भिंतीला सांगितल्यासारखे खुशालभाऊ म्हणाले. "मशीन टिकेना. लयच कडक स्टील हाय म्हणे हे." मग ते म्हणाले, "उद्या नेऊन देऊ पोरीले. तिच्या घरी राहू दे तुह्या नावाचं."

नूतनला रडू फुटलं. इतक्या वर्षांत ती या घरात मोरीत रडली, गच्चीवर रडली, गादीत तोंड खुपसून रडली. ओट्यापाशी, जेठासमोर, भर दुपारी ती पहिल्यांदाच रडत होती आणि तिने पदर तोंडाला लावला नाही.

आवाज ऐकून मनकर्णाबाई आतून आल्या. "काय झालं वं? काऊन रडून राह्यली?"

"काई नाई," खुशालभाऊ म्हणाले. "दुकानदारानं चाकू परत घेतला नाई."

मनकर्णाबाईंनी चाकू उचलला. चष्मा नव्हता, त्यांनी मुठीवरून अंगठा फिरवला, एकदा, मग सावकाश पुन्हा एकदा, आणि तो सुनेच्या हातात दिला.

"मंग रडाचं काय त्यात?" त्या म्हणाल्या. "आपल्याले कुठी द्याचा होता परत?"